बिल्टीवर सही करण्याआधी

पाच वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलाची अम्मी परवा घरी आली. म्हणाली, "सर, पोरगा कळंबोलीत ट्रकवर लागतो म्हणतोय. माल कमी भरला म्हणून त्याच्या अब्बांचा पगार कापला होता, ते मी विसरले नाही. पाठवू की नको?"

आम्ही मुलालाच विचारले, "बेटा, बिल्टी म्हणजे काय?"

"शेठ कागद देतो ना सर, तो."

इथेच गाडी अडते. बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टवाल्याने दिलेली मालाची पावती. माल कोणाचा, कोठून कोठे, किती नग, किती वजन, हे तिच्यावर असते. माल उतरल्यावर घेणारा सही-शिक्का देतो, ती पोच. चढवताना न मोजता सही केली, तर उतरवताना निघालेली घट ड्रायव्हरच्या गळ्यात पडते. अब्बांचे तेच झाले. पोती असतील तर मोजावीत, लोखंड असेल तर काट्याची पावती जपावी. मोजू दिले नाही, तर तसे बिल्टीवर लिहून घ्यावे.

बाकीचे शब्दही आधी समजून घ्यावेत. खुराकी म्हणजे फेरीतला जेवणखर्च. ती पगारात धरली आहे की वेगळी? वाराई म्हणजे माल उतरवण्याची मजुरी. ती कोण देणार? पासिंग म्हणजे गाडीत किती माल भरता येतो ती मर्यादा. ती ओलांडली की ओव्हरलोड: दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. राज्याबाहेर जाणाऱ्या ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागते. साध्या गाडीला त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस. पंक्चर, घाट, ट्रॅफिक यांत दिवस गेला, तर मुदत वाढवायला शेठला वेळेत फोन करावा.

ट्रकच्या लायसन्ससाठी वय २० आणि त्याआधी हलक्या गाडीचे लायसन्स निदान एक वर्षाचे हवे. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. पण अट निघाली म्हणून वाचण्याची गरज संपली नाही.

आम्ही म्हटले, "आपा, पाठवा. पण आधी अब्बांजवळ बसवा."

रविवारी बाप-लेक दोघे आले. अब्बांनी ती जुनी बिल्टी जपून ठेवली होती. त्यांना वाचता येत नाही. मुलाने मोठ्याने वाचली: नग २१०, खाली अब्बांचा अंगठा. अब्बा म्हणाले, "मोजलेच नव्हते, बेटा."

मुलाने बिल्टी घडी करून खिशात ठेवली.