गोरेपणाची डबी आणि गर्भारपणातील न विचारलेला प्रश्न

सुरतेतील लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. पहिल्या बाळंतपणासाठी सुना माहेरी, म्हणजे नंदुरबार, धुळे, जळगावकडे जातात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नवापूर स्थानकात दोन राज्यांची सीमा फलाटातूनच जाते. सामानात गोरेपणाच्या क्रीमची बिननावाची डबी असली, तर तीही सहज सीमा ओलांडते. तिची तपासणी ना या बाजूला होते, ना त्या बाजूला.

या डबीचे गांभीर्य महाराष्ट्राने अनुभवले आहे. 2022 मध्ये अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुली मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी पडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात झालेल्या तपासात, त्या तिघी वापरत असलेल्या स्थानिक क्रीममध्ये पारा असल्याचे उघड झाले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण अभ्यासले. त्यांपैकी 15 जणांत एकाच प्रकारची लक्षणखूण आढळली आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो. त्यामुळे चेहरा लवकर उजळतो आणि डबीची ख्याती शेजारीपाजारी पसरते. तोच पारा त्वचेतून रक्तात जाऊन मूत्रपिंडात साठतो. गर्भवतीच्या शरीरात तो वारेपर्यंत पोहोचतो, बाळंतपणानंतर दुधातही उतरतो. शिवाय आईच्या गालाला लागलेला बाळाचा हात तोंडात जातो आणि क्रीममधून निघणारी पाऱ्याची वाफ बाळाच्या श्वासात जाते. म्हणूनच ‘बाळाला तर काही लावत नाही’ हे समाधान फसवे ठरते.

गर्भारपणात रेटिनॉइड टाळावे, हायड्रोक्विनोन वापरू नये, असा सल्ला त्वचारोगतज्ज्ञ देतात. तो योग्यच आहे. मात्र घटकांची नावे वेष्टनावर छापलेली असतील तरच त्याचा उपयोग. पारा घालणारा उत्पादक ते छापत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतरांत अनवधानाने आलेला पाराही दशलक्ष भागांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. मिनामाता कराराच्या 2023 मधील जिनिव्हा परिषदेत तर पारायुक्त प्रसाधने 2025 पर्यंत पूर्णतः बंद करण्याचे ठरले. भारतही या कराराचा सदस्य आहे. परंतु उत्पादनाचा परवाना आणि तपासणी राज्यांकडे आहे. घरगुती डबीला परवानाच नसल्याने ती कोणत्याही राज्याच्या दप्तरात दिसत नाही.

दप्तरात दिसणाऱ्या उत्पादनाची गतही फारशी निराळी नाही. जॉन्सन अँड जॉन्सनच्या बेबी पावडरचे 2018 मध्ये घेतलेले नमुने प्रमाणाबाहेर ठरवून महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलुंड कारखान्याचा परवाना रद्द केला तो सप्टेंबर 2022 मध्ये. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवताना या विलंबावरच बोट ठेवले. ज्या यंत्रणेला नामांकित कंपनीच्या बाबतीत इतकी वर्षे लागतात, ती बिननावाच्या डबीपर्यंत कधी पोहोचणार?

म्हणून पहिला अडसर कारखान्यापेक्षा दवाखान्यात घालणे अधिक व्यवहार्य आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला गर्भवतींची तपासणी होते. तेथे रक्तदाब आणि हिमोग्लोबिनसोबत ‘चेहऱ्याला काय लावता?’ हा एक प्रश्न विचारता येईल. उत्तरात बिननावाची डबी आली, तर तिचा वापर थांबवून लघवीतील पारा तपासावा आणि डबी औषध निरीक्षकांकडे पाठवावी. माता-बाल संरक्षण कार्डावर या नोंदीसाठी एक ओळ राखावी. म्हणजे सुरतेत झालेली नोंद नंदुरबारच्या डॉक्टरलाही वाचता येईल.

सावंतवाडी आणि बेळगावशी रोजची ये-जा असलेल्या गोव्यालाही हाच धडा लागू पडतो. लहान राज्याला असा प्रश्न विचारायला सुरुवात करणे तुलनेने सोपे आहे.