नीतीचा लेख आणि लेखाची नीती

व्यापारात नीतीला जागा आहे की नाही, हा वाद आपल्याकडे वाण्याच्या दुकानापासून विधानसभेपर्यंत नित्य रंगत असतो. या वादाला शास्त्राची शिस्त लावणारी नियतकालिके जगात निघू लागली, त्यालाही आता चार दशके लोटली. १९८२ साली सुरू झालेले ‘जर्नल ऑफ बिझनेस एथिक्स’ आणि १९९१ पासून निघणारे ‘बिझनेस एथिक्स क्वार्टर्ली’ ही त्यांतील दोन मान्यवर नावे. आमच्या महाविद्यालयांत वाणिज्य व व्यवस्थापन शिकविणाऱ्या तरुण अध्यापकांनी आपले लेख अशा ठिकाणी धाडावेत, असे आम्हांस मनापासून वाटते. परंतु इतर विषयांवर लेख लिहिणे आणि नीतीवर लेख लिहिणे यांत एक मोठा फरक आहे. नीतीवर लिहिणाऱ्याची परीक्षा त्याच्या निष्कर्षात होत नाही. ती लेख सिद्ध करताना आणि तो धाडताना होते. तेथे जो घसरला, त्याच्या पांडित्याला ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ यापेक्षा अधिक किंमत उरत नाही.

घसरण्यास कारणेही तशीच आहेत. बढतीच्या हिशेबात छापील शोधनिबंधांना वजन असते. २०१६ च्या नियमांनी तर पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध छापून आणणे विद्यार्थ्याला सक्तीचे केले होते. ती सक्ती २०२२ साली उठली. सक्ती आली की बाजार आलाच. आठ दिवसांत छापून देण्याची हमी देणारी, नाव भारदस्त परंतु परीक्षण नावापुरतेच, अशी दुकाने देशभर उघडली. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली ‘केअर’ यादीची योजना हाती घेतली. २०२५ च्या फेब्रुवारीत ती यादीही बंद झाली. आता चांगले-वाईट पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आणि अध्यापकांवरच येऊन पडली आहे. येथे एक खुलासा करावयास हवा. पैसे मागितले म्हणून कोणतेही नियतकालिक खोटे ठरत नाही. लेख सर्वांना विनामूल्य वाचावयास मिळावा यासाठी मान्यवर प्रकाशकही शुल्क घेतात. मात्र लेख परीक्षकांच्या कसोटीस उतरल्यानंतरच ते घेतात. ज्याला लेखापेक्षा धनादेशाची घाई अधिक, त्याच्या दारात पाऊल न टाकणे हेच शहाणपण.

मग लेख सिद्ध कसा करावा? पहिला प्रश्न असा, की यात नीतीचा मुद्दा कोणता? अनेक लेख परीक्षकांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच संपादकांच्या मेजावरून परत येतात, याचे एक मोठे कारण म्हणजे त्यांत व्यवसाय असतो, आकडे असतात, पण नीती शेवटच्या परिच्छेदात शिंपडलेली असते. आमच्याच अंगणातील उदाहरण घ्या. न्यायमूर्ती शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले. २२ नोव्हेंबर २००७ नंतर खाणपट्ट्यांची मुदतच उरली नव्हती, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. आणि नूतनीकरण झालेले ८८ पट्टे २०१८ साली रद्द ठरविले. किती टन माल गेला आणि सरकारचा किती महसूल बुडाला, यावरचा लेख अर्थशास्त्राचा. कायदा मोडला गेला काय, यावरचा लेख विधिशास्त्राचा. परंतु भूगर्भातील संपत्ती उद्या जन्मणाऱ्या पिढीचीही असेल, तर आजच्या खाणमालकाचे तिच्याशी नाते कोणते? खाण बंद पडल्यावर ज्या ट्रकवाल्याचे आणि बार्जवरील खलाशाचे हप्ते थकले, त्याचे देणे कोणाच्या माथी? हे प्रश्न नीतीचे आहेत. २०१४ च्या निर्णयात खनिजविक्रीचा दहावा हिस्सा कायमनिधीत ठेवण्याचा आदेश आहे. त्यामागील न्यायाची कल्पना तपासणारा लेख डिचोलीतला अध्यापक लिहू शकतो, आणि तो दूरदेशीच्या वाचकालाही आपला वाटू शकतो.

लेख धाडावयाचा त्या नियतकालिकाचे अलीकडचे अंक आधी वाचावेत. तेथे कोणता वाद चालू आहे आणि आपण त्यात कोणती भर घालणार, हे पहिल्या दोन पानांत स्पष्ट व्हावे. मग येतात ते नियम. वरवर ते कारकुनी वाटतात. पण प्रत्येकामागे एक नीतितत्त्व उभे आहे. लेखकाचे नाव वेगळ्या पृष्ठावर द्यावयाचे आणि लेखात त्याची खूणही राहू द्यावयाची नाही, कारण परीक्षकाने माणूस न पाहता युक्तिवाद पाहावा. ‘माझ्या पूर्वीच्या लेखात मी म्हटल्याप्रमाणे’ असे एक वाक्यही हा पडदा फाडावयास पुरेसे होते. एका वेळी एकाच नियतकालिकाकडे लेख धाडावयाचा, कारण परीक्षक विनामोबदला आपला वेळ देत असतात आणि तो दोन ठिकाणी खर्ची पाडणे ही उचलेगिरीच होय. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांची संमती हवी. ज्याने काम केले त्याचे नाव हवे आणि ज्याने केले नाही त्याचे नको. मग तो विभागप्रमुख का असेना! यंत्रबुद्धीकडून मजकूर लिहवून घेण्याची सोय आज झाली आहे. पण यंत्राला लेखक मानता येत नाही, असे प्रकाशन-नीतीची आंतरराष्ट्रीय समिती सांगते. कारण लेखाची जबाबदारी यंत्र घेऊ शकत नाही. ती माणसाने घ्यावयाची असते.

सर्वांत अवघड निवेदन हितसंबंधांचे. खाणीवरील अभ्यासाला खाण कंपनीने पैसा पुरविला असेल तर तसे लिहावे. घरचा ट्रक खनिज वाहत असेल तर तेही लिहावे. हितसंबंध असणे हा गुन्हा नव्हे, तो लपविणे हा गुन्हा. आमच्या छोट्या प्रदेशात सगेसोयऱ्यांचे जाळे इतके दाट आहे, की हे निवेदन करणाऱ्यास धैर्य लागेल. पण ज्याला आपल्या घराबद्दल एक ओळ खरी लिहिता येत नाही, त्याने इतरांच्या हिशेबवह्यांवर भाष्य कोणत्या तोंडाने करावे?

हा इशारा अनाठायी नाही. अर्जाच्या शेवटी सही घेण्याऐवजी ती आरंभीच घेतली तर माणसे अधिक खरे लिहितात, असा निष्कर्ष काढणारा पाच लेखकांचा एक निबंध २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. २०२० साली त्याच लेखकांनी आणखी दोघांसह नवे प्रयोग करून तो परिणाम आढळत नसल्याचे जाहीर केले, आणि जुने आकडेही सर्वांसमोर ठेवले. ते तपासताना वाहनविम्याच्या प्रयोगातील आकडे बनावट असल्याचे इतर संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले, आणि निबंध मागे घेण्यात आला. प्रामाणिकपणावरचा निबंध अप्रामाणिक आकड्यांवर उभा! दैवाची यापेक्षा क्रूर थट्टा ती कोणती? परंतु यातील दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. आकडे उघड्यावर आले म्हणूनच खोटे सापडले. आपली सामग्री जपून ठेवा, शक्य तेथे ती खुली करा, हा नियम याच अनुभवातून बळावला आहे.

लेख धाडला की वाट पाहणे आले, आणि बहुधा नकारही आला. ‘साभार परत’ हे दोन शब्द ज्याने वाचले नाहीत, असा लेखक कोठेही सापडणार नाही. महिन्यांमागून महिने जातील. मग परीक्षकांचे चार पानी आक्षेप येतील. ते राग गिळून वाचावेत, प्रत्येकास मुद्देसूद उत्तर द्यावे, आणि जेथे आपले म्हणणे योग्य वाटते तेथे नम्रपणे पण ठामपणे तसे सांगावे. परीक्षकाला खूष करण्यासाठी न पटलेले मत स्वीकारणे हीदेखील एक प्रकारची लाचच आहे. लेख परत आला तर तो सुधारून दुसरीकडे धाडावा. दुकानात नेऊ नये.

हे सारे एकट्या अध्यापकावर सोडून संस्थाचालकांनी हात झटकू नयेत. संख्या मोजणाऱ्या संस्थेला संख्याच मिळते. वर्षाकाठी पाच पोकळ निबंध छापणाऱ्यास शाबासकी आणि दोन वर्षे एका लेखावर खपणाऱ्यास कारणे दाखवा नोटीस, असा न्याय जेथे चालतो, तेथे नीतीची पाठ्यपुस्तके लावून काय उपयोग? चांगली नियतकालिके ग्रंथालयात आणणे, एकमेकांचे कच्चे खर्डे परखडपणे वाचणारी मंडळे चालविणे आणि नकाराला अपयश न समजणे, एवढे तरी आमच्या महाविद्यालयांनी करावे. लेख छापून येणे हे संपादकांच्या हाती आहे. तो स्वच्छ हातांनी धाडणे मात्र सर्वस्वी आपल्याच हाती आहे.