गोठा आणि वैरण : ट्रेमधल्या मक्याची पाने काय सांगतात?



उन्हाळा तोंडावर आला, की दावणीची काळजी सुरू होते. आपल्या सातारा-सांगलीची तऱ्हाच न्यारी. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक समाधान मानतात. कृष्णाकाठी निदान उसाचे वाढे मिळतात. माण, खटाव, आटपाडी, जतकडे तेही विकत आणावे लागतात. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांनी पाहिला. २०१२-१३ आणि २०१८-१९ साली जनावरे छावणीत न्यावी लागली, ते तर आजच्या पोराबाळांनीही पाहिले आहे.

अशा टंचाईत मांडवाखाली घडवंची करून, ट्रे मांडून, मातीविना मका उगवण्याची रीत बऱ्याच घरांनी धरली आहे. मका भिजवायचा, गोणपाटात मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरायचा, दिवसातून अनेकदा पाणी शिंपडायचे, आणि आठव्या दिवशी हिरवी लादी दावणीत टाकायची. ऐकायला सोपे. पण चौथ्या-पाचव्या दिवशी पाने पिवळी दिसू लागतात, शेंडे करपतात, कुठे कुबट वास येतो. मग कोणी युरियाचे पाणी मारतो, कोणी औषध फवारतो. असे काही करू नका. आधी पाने नीट पाहा, मग उपाय करा.

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. आठ दिवसांच्या मक्याला बाहेरून खत लागतच नाही. दाण्याच्या पोटात पिष्ट आणि प्रथिने असतात, तीच त्या कोंबाची शिदोरी. ती आठ-दहा दिवस पुरते. म्हणून पाचव्या दिवशी पान पिवळे पडले, तर ती खताची उणीव नव्हे. चूक उजेडात, पाण्यात, हवेत नाहीतर बियाण्यात असते. आणि दहाव्या दिवसानंतर सगळा ट्रे सारखाच फिकट पडू लागला, तर शिदोरी संपली असे समजा. तो मका आणखी वाढवण्यात फायदा नाही, लगेच खाऊ घाला. युरियाचे पाणी मारले तर कोवळी पाने करपतात, शिवाय जादा नत्र पानात साठून जनावराला बाधू शकते.

आता एकेक लक्षण घेऊ.

घडवंचीच्या खालच्या ओळीतले ट्रे पिवळे आणि वरचे हिरवे असतील, तर ती उजेडाची उणीव. अंधारात पान हिरवे होत नाही. खालचे ट्रे वर घ्या, एक-दोन दिवसांत रंग येतो. कडक ऊन मात्र नको, जाळीतून गाळून आलेला उजेड पुरे.

ट्रेच्या मधोमध किंवा एका कोपऱ्यात पिवळा डाग पडला, तर लादी उचलून मुळ्या पाहा. निरोगी मुळी पांढरी असते. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबट वासाची असेल, तर पाणी साचून ती कुजली आहे. ट्रेला भोके मोठी करा, एका बाजूने जरा उतार द्या. बी दाट पडले तरी हेच होते. चौरस फुटाला मक्याचे ६०० ते ७०० ग्रॅम बी पुष्कळ झाले.

पानांचे शेंडे तपकिरी होऊन वाळत असतील, तर दोन कारणे संभवतात. वाऱ्याच्या बाजूचेच ट्रे करपले असतील, तर तो उन्हाळी झळांचा मार आहे. मक्याच्या कोंबाला २० ते ३० अंशांची हवा मानवते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो. मांडवाच्या कडेला ओली गोणपाटे बांधा, आणि एकदम भडाभडा पाणी घालण्यापेक्षा थोडे थोडे, पण वरचेवर शिंपडा. सगळ्याच ट्रेचे शेंडे करपले असतील आणि ट्रेच्या कडेला पांढरा थर धरला असेल, तर पाणी खारे आहे. खोल बोअरच्या पाण्यात हे नेहमी दिसते. टेंभू-म्हैसाळ योजनेचे पाणी तुमच्या भागात आले असेल, तर ते किंवा साठवलेले पावसाचे पाणी या कामासाठी राखून ठेवा. तेवढे नसेल, तर निदान बी भिजवायला तरी गोडे पाणी घ्या.

पौष-माघाच्या थंडीत पाने जांभळट दिसली, तर घाबरू नका. गारठ्याने तसे होते, ऊब मिळाली की रंग पालटतो. शंभरात एखादे रोप पांढरेफटक निघाले, तर तो बीजाचाच दोष, त्याचीही चिंता नको.

खरी भीती आहे ती बुरशीची. दाण्यांवर पांढरी, हिरवी किंवा काळी लव दिसली, हात लावताच भुकटी उडाली, कुबट वास आला, तर तो ट्रे जनावराच्या तोंडाशी नेऊ नका. मुळांची बारीक पांढरी लव आणि बुरशी यांत घोटाळा होतो. मुळांची लव मुळीलाच धरून असते, बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दाण्यादाण्यांवर पसरते. काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते गाईच्या दुधात उतरते आणि दूध उकळल्याने जात नाही. म्हणजे गोठ्यात केलेली काटकसर घरातल्या लेकराच्या पेल्यात येते. वरचा हिरवा भाग कापून घालू, असाही मोह धरू नका. सगळा ट्रे शेणखताच्या खड्ड्यात पुरा, तो ट्रे ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासा, साध्या पाण्याने धुवा आणि कडक उन्हात वाळवा. फुटके दाणे आधी बुरशी धरतात, म्हणून बी भिजवताना वर तरंगलेले आणि फुटके दाणे काढून टाका.

बियाण्याबद्दल दोन इशारे. पेरणीसाठी पिशवीत येणारे लाल-गुलाबी रंगाचे बी औषध चोळलेले असते, ते कधीही वापरू नका. खाण्याचा स्वच्छ मका घ्या. दुसरे, ट्रेमध्ये ज्वारी उगवू नका. कोवळ्या ज्वारीत विषारी आम्ल तयार होते. पोंगे खाऊन जनावर तडकाफडकी दगावल्याचे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मका, गहू, सातू चालतात.

कोणी हौसेने, किंवा शाळेतल्या प्रयोगासाठी, खतमिश्रित पाण्यावर मका-गहू महिना-दीड महिना वाढवत असेल, तर मात्र पानांची भाषा निराळी. १८६० च्या सुमारास जर्मनीत साक्स आणि नॉप या शास्त्रज्ञांनी झाडे नुसत्या पाण्यात वाढवली. पाण्यातून एकेक द्रव्य वगळले, की पाने कशी बदलतात ते पाहून झाडाला काय काय लागते ते ठरवता आले. त्यातून निघालेला नियम शेतातही उपयोगी आहे. आधी जुनी पाने बिघडली की नवी, ते पाहा. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाड जुन्या पानातून काढून नव्याला देते, म्हणून यांची उणीव खालच्या पानांवर दिसते. मक्याचे खालचे पान टोकाकडून मधल्या शिरेने पिवळे होत आले तर नत्र कमी. कडा करपल्या तर पालाश कमी. पान जांभळे तर स्फुरद. शिरा हिरव्या आणि मधे पिवळे पट्टे तर मॅग्नेशियम.

लोह, जस्त आणि कॅल्शियम जागचे फारसे हलत नाहीत, त्यांची उणीव नव्या पानांवर दिसते. नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला तर लोह. बुडाकडे पांढरट पट्टे आले तर जस्त. नवी पाने टोकांना चिकटून उलगडेनाशी झाली तर कॅल्शियम. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो, त्यामागेही लोहच असते. पाण्याचा अल्कपणा वाढला, की लोह असूनही मुळीला मिळत नाही. म्हणून खत वाढवण्याआधी पाणी तपासून घ्या.

शेवटी हिशेब. एक किलो मक्यातून पाच-सहा किलो हिरवी लादी मिळते, हे खरे. पण वाढते ते बहुतेक पाणी. एक किलो दाण्यात सुमारे ९०० ग्रॅम शुष्क भाग असतो. सहा किलो लादीत शेकडा १४ धरला, तर ८४० ग्रॅमच भरतो. चारशे किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला सुमारे १२ किलो शुष्क चारा लागतो, आणि दहा किलो लादीतून मिळतो जेमतेम दीड किलो. तेव्हा कडबा, मुरघास आणि पेंड यांची जागा ही लादी घेणार नाही. हिरवे काहीच नसताना दावणीला चव आणि ओलावा देणारी जोड म्हणून ती चांगली. कर्ज काढून मोठे यंत्र घेण्याआधी चार ट्रे करून पाहा. किती मका घातला, किती लादी निघाली, किती ट्रे फेकावे लागले आणि दूध किती वाढले, हे महिनाभर वहीत लिहा. घरात ट्रेंची देखभाल बहुधा बाईमाणूसच करते, तेव्हा वहीही तिच्याच हाती द्या. महिन्याअखेर पुढचा निर्णय ती वही पाहूनच करा.