केळीच्या बागेची शाळा

रावेर-यावलची केळी तुम्ही खाल्लीच असतील. पण केळीला मोझॅक नावाचा विषाणूरोग जडला, तर त्यावर औषधच नाही, बरं का! रोगट रोप मुळासकट उपटून नष्ट करावं लागतं. शेतकऱ्याची सारी मेहनत मातीत. मग उपाय? ज्ञान!

हा रोग मावा कीड पसरवते. म्हणून बागेत काकडी-मिरची लावू नका, असं संशोधक सांगतात. त्यासाठीच जळगावात कृषी विद्यापीठाचं केळी संशोधन केंद्र आहे. जिल्ह्यातल्याच प्रयोगशाळेत कंदाच्या कोंबापासून काचेच्या बाटलीत निरोगी रोपं वाढवतात. ठिबकसाठी सरकारनं अनुदान दिलं. पूर्वी जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावातच विद्यापीठ स्थापन झालं. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळालं.

शेत, प्रयोगशाळा, कॉलेज, कारखाना जवळ आले, की एकाचं कोडं दुसरा सोडवतो आणि गावातच रोजगार वाढतो. मात्र हे ज्ञान बांधापर्यंत पोचायला हवं, नाहीतर ते कपाटातच राहायचं! तुमच्या ओळखीच्या शेतकऱ्याची एक अडचण विचारा, वहीत लिहून ठेवा. उद्या ती सोडवणारे तुम्हीच ना?