यंत्राने की यंत्रासोबत?

मध्यंतरी एक तिशीतला मुलगा आईला घेऊन दवाखान्यात आला. डोंबिवलीहून रोज ऐरोलीला नोकरीला जाणारा, आयटीतला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आईला तीन आठवडे खोकला होता. बाहेरून काढलेला छातीचा एक्स-रे मी उजेडाकडे धरायच्या आत त्याने मोबाइल पुढे केला. ‘‘मॅडम, मी रात्री एआयसोबत यावर काम केलंय. आम्हा दोघांनाही न्यूमोनिया वाटतोय.’’

‘आम्हा दोघांनाही’ ऐकून मला हसू आलं. मग आईशी बोलले. भूक कशी आहे, वजन उतरलंय का, संध्याकाळी कणकण वाटते का. घरात कुणाला क्षयाचा त्रास होता का, असं विचारल्यावर ती थोडी घुटमळली आणि मुलाकडे न बघता म्हणाली, बहिणीचे उपचार चालू आहेत, मी दिवाळीनंतर दोन महिने तिच्याकडेच होते. मुलाला हे माहीत नव्हतं. थुंकीची तपासणी केली, क्षय निघाला, उपचार सुरू झाले. पुढच्या खेपेला मी त्याला विचारलं, मावशीचं तू त्या एआयला सांगितलं होतंस का? तो म्हणाला, ‘‘त्याने विचारलंच नाही.’’

यात मुलाची चूक काढायची नाही. रात्री अकरा वाजता आईच्या काळजीने जागा असलेला मुलगा हाताशी जे असेल ते वापरणारच. मला खटकला तो त्याच्या तोंडातला शब्दप्रयोग, कारण तो हल्ली सगळीकडे ऐकू येतो. वैद्यकीय परिषदांत, कंपन्यांच्या जाहिरातींत, नोकरीच्या अर्जांत. इंग्रजीत ‘वर्क विथ’ म्हणतात. मी लहान मुलांसोबत काम करते, मी एक्सेलसोबत काम करतो, आम्ही एआयसोबत काम करतो. इंग्रजीतला ‘विथ’ हा एकच शब्द माणसालाही चालतो आणि हत्यारालाही. त्या भाषेत चमच्याने खाणंही ‘विथ’ आणि मित्राबरोबर खाणंही ‘विथ’. इंग्रजी बोलणाऱ्याचा त्यात गोंधळ होत नाही, कारण चमचा काही बोलत नाही. बोलणारी यंत्रं आली तेव्हापासून गोंधळ सुरू झाला, आणि आपण तो शब्दशः मराठीत उतरवून घेतला.

मराठीत ही पंचाईत एरवी होत नाही. ‘मी चमच्याने श्रीखंड खाल्लं’ आणि ‘मी चमच्याबरोबर श्रीखंड खाल्लं’ यांत फरक आहे. दुसरं वाक्य खरं असेल तर एक्स-रे काढावा लागेल. शाळेत आपण घोकलेली तृतीया आठवा : ने, ए, शी, नी, शी, ई, ही. एकाच विभक्तीच्या घरात दोन वेगळ्या नात्यांची सोय आहे. सुरीने कापतो, दोरीने बांधतो, पण शेजाऱ्याशी बोलतो, भावाशी भांडतो. ‘ने’ लावलेली वस्तू आपल्या हातात असते. ‘शी’ लावलेला समोर असतो, तो उलटून बोलू शकतो. अपवाद आहेतच. मुलं मोबाइलशी खेळतात, चहासोबत बिस्किट लागतं. पण दवाखान्यात हा फरक पुसला गेला की प्रश्न व्याकरणाचा राहत नाही.

क्षयाचंच बघा. छातीच्या एक्स-रेवरून संशयित शोधणारी संगणक प्रणाली वापरायला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली. पंधरा वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठी, आणि फक्त चाळणीसाठी. चाळणीत अडकलेल्याचं निदान थुंकीच्या तपासणीनेच पक्कं करायचं. आपल्याकडे 7 डिसेंबर 2024 ला सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षय मोहिमेत हातात मावणारी एक्स-रे यंत्रं आणि त्यांना जोडलेली अशी प्रणाली वापरली गेली. मी याच्या पूर्ण बाजूची आहे. जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ आठवड्यातून एकदाही येत नाही, तिथे ही चाळणी जीव वाचवू शकते. पण चाळणीने गहू चाळतात, चाळणीशी सल्लामसलत करत नाहीत.

सल्लामसलत करू लागलं की काय होतं, याचा एक प्रयोग जर्मनीतल्या संशोधकांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केला. सत्तावीस रेडिऑलॉजिस्टना स्तनांच्या पन्नास एक्स-रे तपासण्या, म्हणजे मॅमोग्राम, वाचायला दिले. प्रत्येकासोबत ‘एआयचं मत’ म्हणून एक उत्तरही दिलं. पहिली दहा मतं बरोबर होती, म्हणजे विश्वास बसला. पुढच्या चाळीसपैकी बारा मुद्दाम चुकीची. नवख्या डॉक्टरांचं उत्तर, एआयचं मत बरोबर असताना, सुमारे 80 टक्के वेळा बरोबर आलं. मत चुकीचं असताना ते 20 टक्क्यांवर घसरलं. नवख्यांचं समजू शकतं. पण त्या गटातले सगळ्यात अनुभवी लोकही 82 वरून 45 टक्क्यांवर आले. तेच डोळे, तेच शिक्षण, तशाच तपासण्या. फक्त शेजारी कुणीतरी आत्मविश्वासाने काहीतरी म्हणत होतं.

सहकाऱ्याच्या मताला आपण मान देतो, कारण त्याला आपण ओळखतो. तो कुठे चुकतो, दमल्यावर कसा वाचतो, कधी ‘मला नक्की सांगता येत नाही’ म्हणतो, हे माहीत असतं. चुकला तर उद्या त्याला रुग्णासमोर उभं राहायचंय हेही माहीत असतं. यंत्राला सहकारी म्हटलं की हा सगळा मान त्याला आपोआप मिळतो, यातलं काहीही नसताना. तेच आपण ‘प्रणालीने तपासलं’ असं म्हटलं, तर पुढचा प्रश्न लगेच येतो : तपासलं कुणी? ‘ने’ लावला की वाक्याला कर्ता शोधावा लागतो. मराठी वाक्याची ही खोड मला फार उपयोगी वाटते. आपला कायदाही तेच म्हणतो. मार्च 2020 मध्ये आलेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की एआयवर चालणाऱ्या व्यासपीठाने रुग्णाला सल्ला किंवा औषध द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करावी, पण औषध आणि सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यावा.

एक आक्षेप मला घरातूनच ऐकायला मिळतो. हातातलं हत्यार हुकमाचं ताबेदार असतं, पण आजची यंत्रं आपल्याला थांबवतात, चूक दाखवतात, मग त्यांना सुरी-दोरीच्या रांगेत कसं बसवायचं? खरं आहे. पण थांबवणारं यंत्र काही नवं नाही. कल्याणहून रोज ज्या लोकलने आपण जातो, तिच्या मोटरमनच्या हातात एक दांडा असतो, त्याला डेडमॅन हँडल म्हणतात. गाडी चालू असताना त्याने तो दाबून धरायचा. त्याला चक्कर आली, हात सुटला, तर गाडीचे ब्रेक आपोआप लागतात. तो दांडा रोज लाखो माणसांचा जीव सांभाळतो, आणि तरी मोटरमन दांड्यासोबत गाडी चालवतो असं कुणी म्हणत नाही. तो गाडी चालवतो गार्डसोबत. (2022 पासून गार्डचं अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर झालंय, पण फलाटावर तो गार्डच आहे.) मागच्या डब्यातून गार्ड दोन घंट्या देतो, पुढून मोटरमन दोन परत देतो, मग गाडी हलते. पहिल्या डब्यात बसणाऱ्यांना तो आवाज पाठ असतो. एकाने सांगितलं, दुसऱ्याने ऐकलं आणि ऐकल्याचं कळवलं. दोघांची माहिती वेगळी, गाडी एक. याला मी सोबत म्हणेन.

आता माझी खरी तक्रार. यंत्राला माणसाचा प्रत्यय लावण्याचा उत्साह आपल्याला आत्ता आलाय. माणसाला यंत्राचा प्रत्यय आपण केव्हापासून लावत आलोय. कुठलंही आरोग्यविषयक परिपत्रक उघडा. सर्वेक्षण ‘आशांमार्फत’ होतं, लसीकरण ‘एएनएममार्फत’, इंजेक्शन ‘सिस्टरकडून’ घ्यायचं, रुग्ण ‘वॉर्डबॉयकरवी’ हलवायचा. मार्फत, कडून, करवी. ‘आशांसोबत’ असं मी परिपत्रकात फारसं पाहिलेलं नाही, सत्काराच्या फलकावर मात्र पाहिलंय. वीस वर्षांपूर्वी, 2005 मध्ये, ग्रामीण आरोग्य अभियानात आशा नेमल्या गेल्या त्या गावातल्याच बायका म्हणून, म्हणजे कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांना माहीत असतं म्हणून. माझ्या रुग्णाची बहीण उपचार घेत होती हे तिच्या वस्तीतल्या आशाला ठाऊक असणार. माझ्यापर्यंत ते पोचण्याचा रस्ता कुठल्याच फॉर्मवर नव्हता. फॉर्मला तिच्याकडून आकडे हवे असतात.

मी स्वतः निर्दोष नाही. शिकाऊ असताना एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभी होते. मोजणीत एक कापडी पट्टी कमी येते आहे, असं सिस्टर दोनदा म्हणाल्या. दोन्ही वेळा सर्जनने ऐकलं नाही. मीही काही बोलले नाही. तिसऱ्यांदा त्या जवळजवळ ओरडल्या, तेव्हा पोट शिवणं थांबलं आणि पट्टी सापडली, जिथे सापडू नये तिथेच. नंतर चहा पिताना आमच्यापैकी कुणालाच त्या सिस्टरचं नाव सांगता आलं नाही. ‘हाताखालची माणसं’ हा शब्द आपल्याकडे इतका सहज वापरला जातो की त्यातला हात दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी तेव्हा आमच्याकडे पोचली नव्हती. एकोणीस मुद्द्यांचा एक कागद आहे तो. कापड आणि हत्यारांची मोजणी त्यात आहेच. पण चीर देण्याआधीचा एक मुद्दा वाचून जुने सर्जन सुरुवातीला हसायचे : खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगावं. नवी दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली, त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. रुग्णालयातले मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, गंभीर गुंतागुंत 11 वरून 7 टक्क्यांवर. यात नाव सांगण्याचा वाटा किती आणि मोजणीचा किती, हे त्या अभ्यासावरून वेगळं काढता येत नाही. पण ज्याने एकदा आपलं नाव मोठ्याने सांगितलं आहे, तो माणूस ‘थांबा’ही मोठ्याने म्हणू शकतो, असं मला अनुभवाने वाटतं. कागद तेवढ्यापुरतं साधन होता. त्या साधनाने माणसं एकमेकांशी बोलू लागली.

एआयकडूनही माझी अपेक्षा एवढीच आहे. एक्स-रेचा पहिला ढीग त्याने चाळावा, औषधांच्या मात्रा तपासाव्यात, माझं लिखाणाचं ओझं कमी करावं. त्यातून वाचलेली दहा मिनिटं कुठे जातात, त्यावर सगळं ठरेल. ती आणखी पाच रुग्ण आत घेण्यात गेली, तर त्या मावशीबद्दल कुणीच विचारणार नाही. व्यवस्थापनाला पाच रुग्ण मोजता येतात, मावशी मोजता येत नाही, म्हणून मला धास्ती वाटते.

तो मुलगा आता आईच्या गोळ्यांचं वेळापत्रक त्याच मोबाइलवर ठेवतो. रोज वेळेवर आठवण येते, एकही दिवस चुकलेला नाही, मी त्याचं कौतुक केलं. मधे आईला औषधाने मळमळ वाढली म्हणून एका रात्रीसाठी जवळच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. संध्याकाळी मी बघायला गेले तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टर खाटेपाशी कागद भरत होत्या. नाव झालं, वय झालं, औषधं झाली. मग त्यांनी मान वर करून विचारलं, ‘‘रात्री सोबतीला कोण आहे?’’

मुलाने मोबाइल खिशात ठेवला आणि स्वतःचं नाव सांगितलं.