पोर्टल चुकलं तर जाब कुणाला विचारायचा?

संगणक माणसाचं तोंड पाहत नाही, म्हणून तो पक्षपात करत नाही, असं हल्ली ठासून सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. १० जून २०२३पासून मध्य प्रदेश सरकारच्या लाडली बहना योजनेचे पैसे थेट बाईच्या खात्यात पडू लागले. मधल्या हातांची गरज उरली नाही. हे कुणी नाकारू नये.

पण यंत्रणा आपोआप निष्पक्ष असते, हे निदान मध्य प्रदेशात राहणाऱ्यानं तरी म्हणू नये. व्यापमं, म्हणजे व्यावसायिक परीक्षा मंडळाचा भरती-प्रवेश घोटाळा, इथलाच. उत्तरपत्रिकेतले गोल कोरे सोडायचे, ते मागाहून भरले जायचे. हुशार ‘इंजन’मागे नक्कल करणारी ‘बोगी’ बसेल असे आसनक्रमांक वाटले जायचे. २०१३मध्ये हे उघडकीस आलं, तेव्हा अटक झालेल्यांत मंडळाचा मुख्य सिस्टम अ‍ॅनालिस्टही होता. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाशेहून अधिक वैद्यकीय प्रवेश रद्द करण्याचा निर्णय कायम केला. लबाडाचा हात संगणकानं धरला नाही. कित्येक वर्षं झाकून मात्र ठेवला.

लबाडी नसली तरी चूक असतेच. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडची मराठी नावं हिंदीत उतरताना ‘ळ’चा ‘ल’ होतो. वानखेडे इंग्रजीत कधी व्हीनं, कधी डब्ल्यूनं लिहिले जातात. राज्याच्या समग्र पोर्टलवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. जुळणी अडली की कियोस्कवाला म्हणतो, ‘सिस्टम घेत नाही.’ त्याचाही इलाज नसतो. पण मजुरी बुडवून आलेल्या बाईला नाकारलं कुणी, ते तिला कळत नाही.

‘लपवायचं काही नसेल तर माहिती द्यायला भीती कसली?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ती बाई कुटुंब, जात, खातं, अंगठा सगळं देऊन बसली आहे. २४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्यात गरिबाला वेगळा नियम नाही.

पोर्टल बंद करा, असं मी म्हणत नाही. अर्ज नाकारला तर कारण कागदावर हवं, खाली अधिकाऱ्याचं नाव आणि सही हवी, दुरुस्तीला ठरलेली मुदत हवी. ऑक्टोबर २०२३मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, जिल्ह्याच्या कामासाठी छिंदवाड्याची खेप वाचली. मग जबाब देणारा माणूसही इथंच बसला पाहिजे. आणि २०२३चा डेटा संरक्षण कायदा पाहा: सरकारी लाभासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा कलम ७ देतं, पण दुरुस्तीचा हक्क कलम १२मध्ये संमतीनं दिलेल्या माहितीपुरताच आहे. जिला नाही म्हणायची सोयच नाही, तिलाच या कायद्यात चूक सुधारून मागायचा हक्क नाही. कलम १२ बदललं पाहिजे, आणि ही मागणी आपल्या आमदार-खासदारांनी आधी उचलली पाहिजे.