आस्मान दिसल्यानंतरची कुस्ती

मराठीत पराभवासाठी ‘आस्मान दाखवणे’ असा एक नेमका वाक्प्रचार आहे. तो आखाड्यातून भाषेत आला. पाठ मातीला लागली आणि डोळ्यांसमोर आभाळ आले, की कुस्ती निकाली निघाली. ‘चीतपट’ या शब्दानंतर पूर्णविरामच असतो. ब्राझिलियन जिउ-जित्सू या झुंजविद्येत मात्र नेमक्या याच क्षणी पुढचे वाक्य सुरू होते. पाठीवर पडलेला येथे हरलेला नसतो. त्याचे दोन्ही पाय मोकळे असतात. ते प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती आवळून त्याने मागे घोटे अडकवले, की त्या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात. तेथून वरच्याचा हात अडकवता येतो, गळा आवळता येतो, त्याला उलथवून स्वतः वर येता येते. खाली असणे ही येथे केवळ एक स्थिती आहे, निकाल नव्हे.

साहित्यविषयक लेखनाच्या या जागी कुस्तीसारख्या विषयाचे काय प्रयोजन, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : या विद्येतील सर्वांत लक्षणीय गोष्ट तिचे डाव नसून तिचा वर्ग आहे. शिकलेली प्रत्येक गोष्ट त्याच तासात, प्रतिकार करणाऱ्या माणसावर तपासून पाहण्याची सोय त्या वर्गाच्या रचनेतच केलेली आहे. आपल्या साहित्याच्या वर्गांत ही सोय जवळजवळ उरलेली नाही, आणि तिच्या अभावी आपण जे शिकवतो ते अन्वयार्थ नव्हे, अन्वयार्थांची पाठांतरे आहेत.

या वर्गाची घडण जगभर साधारण सारखीच असते. आरंभी अंग मोकळे करण्याच्या हालचाली. त्यांतील एक अशी, की पाठीवर पडून एक पाय रोवायचा, कुशीवर वळायचे आणि कंबर मागे सरकवायची. तिचे इंग्रजी नाव कोळंबीवरून पडले आहे, आणि अंगाची मुडप पाहिली की ते पटते. दिसायला हास्यास्पद असणारी ही हालचाल पुढच्या निम्म्या सुटकांचा पाया असते. त्यानंतर शिक्षक एक-दोन डाव करून दाखवतो. विद्यार्थी जोड्या करून ते संथपणे घोटतात. मग एखादी ठरावीक स्थिती घेऊन, म्हणजे एक जण छातीवर बसलेला आणि दुसरा खाली, तिथूनच झुंज सुरू करायची. शेवटी पाच-सहा मिनिटांच्या मुक्त लढती. त्यांत दोघेही पूर्ण प्रतिकार करतात, आणि सांधा किंवा गळा अडकला की हाताने दोन-तीनदा थाप मारायची. थाप पडताच पकड सुटते. दोघे हात मिळवतात आणि पुन्हा सुरुवात करतात.

या रचनेचे मूळ ब्राझीलमध्ये नाही, जपानमध्ये आहे, आणि ते एका शिक्षणतज्ज्ञाच्या विचारात आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतील एका बौद्ध मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत ‘कोदोकान’ ही संस्था सुरू केली. ते व्यवसायाने शिक्षक होते. पुढे टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख झाले. जुन्या जुजुत्सूच्या अनेक घराण्यांत शिक्षणाचा मुख्य भर ‘काता’वर, म्हणजे ठरावीक क्रमाने केलेल्या हालचालींच्या पाठावर असे. डाव इतके घातक, की ते पूर्ण जोराने करून पाहण्याची सोय नाही. म्हणून ते घोटायचे आणि गुरूच्या शब्दावर खरे मानायचे. कानोंनी काता टाकला नाही, पण ‘रांदोरी’ला, म्हणजे मुक्त झुंजीला, मध्यवर्ती स्थान दिले आणि त्यासाठी अतिघातक डाव झुंजीतून वगळले. जे उरले ते रोज, पूर्ण ताकदीने, परस्परांना इजा न करता करून पाहता येऊ लागले. वरवर पाहता विद्या सौम्य झाली. प्रत्यक्षात ती अधिक खरी झाली. रोज तपासता येणारे थोडे ज्ञान हे कधीच न तपासलेल्या पुष्कळ ज्ञानापेक्षा श्रेष्ठ, असे हे तत्त्व आहे. ते चटईपुरतेच खरे आहे असे मला वाटत नाही.

कानोंच्या परंपरेतील मित्सुयो माएदा हे १९०४ मध्ये जपानबाहेर पडले आणि देशोदेशी कुस्त्या करीत १९१४ मध्ये ब्राझीलला पोचले. ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेम शहरात ते स्थायिक झाले. कार्लोस ग्रेसी हे तेथे त्यांच्याकडे शिकले, आणि पुढे कार्लोस व त्यांचा धाकटा भाऊ एलियो यांनी रिओ दि जानेरोत ही विद्या वाढवली, अशी रूढ कथा आहे. कृश एलियोने केवळ पाहून विद्या आत्मसात केली आणि दुबळ्यांसाठी तिचे नवे रूप घडवले, हा त्या कथेचा पुढचा अध्याय. संशोधकांनी या कथेच्या अनेक तपशिलांवर शंका घेतल्या आहेत. शिवाय ग्रेसी घराण्याबाहेरचा, रिओच्या उपनगरांत ओस्वाल्दो फाद्दा यांच्याकडून वाढलेला प्रवाहही होता. संहितेची पाठांतरे आणि प्रक्षेप तपासण्याची सवय असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. प्रत्येक संप्रदाय आपला उगम सुबक करूनच सांगत असतो.

परंतु याच परंपरेत एक गोष्ट अशी आहे, की तिच्यापुढे आदराने थांबावे. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना क्रीडागारात जपानी जुडोपटू मासाहिको किमुरा यांनी एलियो ग्रेसी यांना हरवले. खांदा मागे मुरगळणाऱ्या पकडीत एलियोंचा हात अडकला, ते थाप मारीनात, आणि अखेर भावाच्या बाजूने शरणागतीचा टॉवेल पडला. त्या पकडीला जपानी नाव आधीपासून होते. ब्राझीलच्या शाळेने मात्र तिला ‘किमुरा’ म्हणायला सुरुवात केली, आणि आज जगातल्या प्रत्येक वर्गात नवा विद्यार्थी तिला त्याच नावाने ओळखतो. आपल्याला हरवणाऱ्याचे नाव आपल्या परिभाषेत कायमचे कोरून ठेवणारे संप्रदाय किती असतील? समीक्षेत तरी आपण असे करीत नाही. आपल्या सिद्धांताला छेद देणाऱ्याचे नाव आपण तळटीपेत ढकलतो.

आता एक आक्षेप. आज जगातील उत्तमोत्तम शिक्षकांची प्रात्यक्षिके चित्रफितींतून घरबसल्या पाहता येतात. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्ययन केलेले जॉन डॅनहर यांच्यासारखा शिक्षक एकेका पकडीची तासन्‌तास, तर्कशुद्ध फोड करून सांगतो. मग रोज वर्गात जाण्याचे कारण काय?

याचे उत्तर एका साध्या डावातून देता येईल. गार्डमधून कोपराचा सांधा अडकवण्याचा ‘आर्मबार’ हा डाव पहिल्या काही आठवड्यांत शिकवतात. प्रतिस्पर्ध्याचा हात छातीशी धरायचा, पाय त्याच्या कमरेवर टेकवून अंग आडवे फिरवायचे, दुसरा पाय त्याच्या डोक्यावरून घ्यायचा, त्याचा अंगठा वर ठेवून कंबर उचलायची. हे वाक्य वाचून डाव ‘कळतो’. पण प्रत्यक्षात वरचा माणूस ताठ बसतो, आणि त्याला आधी खाली ओढल्याशिवाय काहीच होत नाही. गुडघे एकमेकांकडे आवळलेले नसले तर कोपर निसटते. कंबर वेळेआधी उचलली तर तो आपल्यावर भार टाकून आपल्याला घडीसारखे दुमडतो. चित्रफीत हे सर्व सांगतेही. परंतु आपले गुडघे सैल आहेत हे ती सांगू शकत नाही. ते निसटलेले कोपर सांगते. मायकेल पोलान्यी यांनी १९५८ च्या ‘पर्सनल नॉलेज’ या ग्रंथात ज्या शब्दांत न मावणाऱ्या ज्ञानाचा विचार मांडला, ते ज्ञान येथे दोन देहांच्या मधल्या जागेत असते. एकट्याने ते मिळवता येत नाही.

न्यायपरंपरेने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. वाद तत्त्व जाणण्यासाठी, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडा स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा पक्ष मोडण्यासाठी. स्पर्धेतील लढत हा जल्प आहे. वर्गातील लढत हा वाद आहे, किंवा असायला हवा. तेथे समोरच्याचा प्रतिकार शत्रुत्वाचा नसतो. तो प्रामाणिक असतो, आणि त्याचा प्रामाणिकपणा हीच त्याची मदत असते. जो जोडीदार सौजन्यापोटी हात सैल सोडतो तो आपली फसवणूक करीत असतो. मराठीत ‘वितंडवाद’ शिल्लक राहिला, जल्प विस्मरणात गेला, आणि ‘वाद’ या शब्दाचा अर्थ भांडण झाला. एका उत्तम शिक्षणपद्धतीचे नाव भांडणासाठी वापरू लागलेल्या समाजात वर्ग शांत राहिले तर दोष विद्यार्थ्यांचा कसा म्हणावा?

या विद्येच्या वर्गाचे गोडवे गाताना त्याचे दोष लपवण्याचे कारण नाही. अलीकडे काही शिक्षक असेही म्हणू लागले आहेत, की प्रतिकार न करणाऱ्या जोडीदारावर डाव घोटणे व्यर्थ आहे. पहिल्या दिवसापासून नियमबद्ध खेळांतून, प्रतिकारासह शिकवावे. या म्हणण्यात तथ्य आहे, पण घोटण्याने डावाला नाव आणि स्मृतीत जागा मिळते, हे त्यात निसटते. दुसरा दोष अधिक गंभीर. लेखी परीक्षा नाही. पांढऱ्यापासून काळ्या पट्ट्यापर्यंतच्या साधारण दहा वर्षांच्या वाटेवर पट्टा देणे बहुतेक ठिकाणी शिक्षकाच्या हाती असते. या सत्तेतून व्यक्तिपूजा जन्मते, आणि अलीकडच्या वर्षांत काही अकादम्यांतील अत्याचाराच्या तक्रारीही जाहीरपणे पुढे आल्या आहेत. शाळा बदलणाऱ्या शिष्याला ब्राझीलमध्ये ‘क्रेओन्ते’ म्हणून हिणवतात. ईडिपसच्या कथेवर बेतलेल्या ‘मांदाला’ (१९८७-८८) या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रावरून हा शब्द रूढ झाला, असे सांगतात. सोफोक्लीसचा क्रेऑन असा चटईवर गद्दार होऊन उतरला! डाव तपासायला मोकळीक, पण गुरूला तपासायला मनाई, ही विसंगती या विद्येने अद्याप सोडवलेली नाही.

मग साहित्याच्या वर्गाने यातून काय घ्यावे? गुरुभक्ती तर नकोच. ती आपल्याकडे पुरेशी आहे. घ्यायची ती तासाची रचना. आपल्या पदव्युत्तर वर्गांतही अनेकदा कवितेचा एक अर्थ सांगितला जातो, तो उतरवून घेतला जातो आणि परीक्षेत परत केला जातो. हा निव्वळ काता झाला. त्या अर्थाला कवितेतली कुठली ओळ विरोध करते, हे विचारण्यासाठी वेळापत्रकात जागाच नसते. अर्धा तास विवेचनाला आणि अर्धा तास प्रतिकाराला, एवढी साधी वाटणी करून पाहावी. जिउ-जित्सूतील ठरावीक स्थितीतून सुरू होणारी लढतही उचलता येईल : एखाद्या कादंबरीचे सर्वांत दुबळे वाटणारे वाचन एका विद्यार्थ्याला द्यावे, आणि तेथून त्याने मार्ग काढावा. आपले मत नसलेल्या पक्षाकडून लढताना संहिता जितकी बारकाईने वाचली जाते, तितकी आवडीच्या मताच्या आधाराने क्वचितच वाचली जाते.

साम्य फार ताणू नये, हेही मान्य. कोपर अडकले की नाही याचा निर्णय क्षणात लागतो. कवितेच्या अर्थाचा लागत नाही, आणि लागू नये. पण म्हणून प्रत्येक अर्थ तितकाच टिकाऊ ठरत नाही. काही वाचने पहिल्याच प्रश्नाला निसटतात, काही तासभर प्रतिकार सोसून उरतात, आणि हा फरक विद्यार्थ्याला स्वतःच्या अनुभवाने कळला पाहिजे.

थापेची रीत मात्र जशीच्या तशी घेण्याजोगी आहे. ‘येथे माझे म्हणणे टिकत नाही’ एवढे सांगायचे, पकड सुटायची, आणि पुन्हा सुरुवात. त्यात अपमान नाही, कारण थाप मारणारा उद्या पुन्हा येणार असतो आणि समोरचाही. नियमित वर्गाचे खरे मोल याच पुन्हा येण्यात आहे. एकदाच भेटणाऱ्या माणसांत फक्त जल्प होऊ शकतो. रोज भेटणाऱ्यांतच वाद शक्य होतो.